शूटिंगपुरता कचरा

गंधारच्या नव्या रॅपचं नाव ‘माझी गल्ली’, पण व्हिडिओसाठी तो आला होता हडपसरला, विमलाबाईंच्या गल्लीत. गळ्यात जाडजूड साखळी, पायात पांढरेशुभ्र बूट. झाडूकामावरून नुकत्याच परतलेल्या विमलाबाई दारात बसून ते सोंग बघत होत्या.

“मावशी, गल्ली फारच स्वच्छ आहे हो,” तो जवळ येऊन म्हणाला. “आमचं अंडरग्राउंड असतं, रिअल दिसायला लागतं. थोडा कचरा मिळेल का?”

“राहतोस कुठं?”

“सदाशिव पेठेत. नागनाथ पाराजवळ.”

विमलाबाईंनी त्याचे बूट एकदा नीट बघून घेतले.

“मग कालच सांगायचं की. तिथं झाडायची ड्युटी माझीच हाय. सकाळी येताना पोतंभर आणला असता, तुझ्याच गल्लीतला.”