श्रीराम दळवींची कात्री

सुलोचनाताई शिर्क्यांनी पिशवीतून कात्री काढून टेबलावर ठेवली, फॉर्म वाचला, आणि कात्री परत पिशवीत टाकली.

"काय झालं, काकू?" संहितानं विचारलं. हिंदी मुलखातल्या स्नेहलतागंजच्या मराठी मंडळात प्रदर्शन भरणार होतं. घराघरांतून जुन्या वस्तू जमवायचं काम तिच्याकडे होतं. फॉर्मवर 'स्मृतिचिन्हाचे नाव' हा रकाना तिनंच घातला होता, आणि एवढा भारदस्त शब्द सापडला म्हणून ती स्वतःवर खूशही होती.

"मी चुकीच्या जागी आले, बेटा. माझ्याजवळ स्मृतिचिन्ह नाही. ती तिथं आहेत बघ."

भिंतीशी काचेच्या कपाटात ढाली ओळीनं उभ्या होत्या. सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर द्यायच्या. घेणारा त्या घरी नेतो, दिवाळीला एकदा पुसतो आणि पुढच्या वर्षी माळ्यावर टाकतो.

"मग तुमच्या कैंचीला काय म्हणायचं?"

"आठवण. बाबांची आठवण आहे ही."

"पण आठवण तर मनात असते ना, काकू? चीजवस्तूला कसं म्हणणार?"

सुलोचनाताईंनी कात्री पुन्हा काढली आणि तिच्या हातात दिली. काळी, वजनदार, वीतभराहून मोठी. अंगठ्याच्या कडीवर चिंध्यांचे थर होते.

"सगळ्यात आतली चिंधी बाबांनी बांधलेली. मिलमध्ये कापडाची ठाणं कापायचे ते, चौतीस वर्षं. ती चिंधी मी कधी सोडली नाही. वरची फाटली की नवी बांधते."

संहितानं कडीत अंगठा घालून पाहिला. आत मऊ लागलं. का कोण जाणे, तिनं तो लगेच काढून घेतला.

तेवढ्यात मंडळाचे सचिव देवेंद्र मुळ्ये आले. कात्री पाहून त्यांचा चेहरा खुलला. "वा, ताई, दिल खुश केलं. द्या इकडे. दहा दिवस काचेत राहील, चावी माझ्याजवळ."

"दहा दिवस नाही देता येणार. लगीनसराई आहे. अर्ध्या अन्नपूर्णा वस्तीचे ब्लाउज माझ्याकडे पडलेत."

"तर दुसरीनं कापा ना. बाजारात काय कमी आहेत कैंच्या?"

"दुसरी हातात बसत नाही. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा कापड वाकडं गेलं."

"मग मुश्किल आहे. वस्तू नाही तर नावाची पाटी नाही. रूल सगळ्यांना एक."

सुलोचनाताईंनी कात्री परत पिशवीत ठेवली. लोकांच्या लेकीसुनांचे ब्लाउज शिवून त्यांनी तीन मुलं शिकवली होती, पण कुणाकडे काही मागायला त्या आजवर गेल्या नव्हत्या.

"पाटी हवी होती हो," त्या म्हणाल्या. "बाबांचं नाव कुठंच लिहिलेलं नाही. मिलचं फाटकही नाही राहिलं आता." आपण एवढं बोललो याचीच त्यांना लाज वाटली. पिशवी उचलून त्या दाराकडे वळल्या.

"काकू, एक मिनिट. कापायला किती वाजता बसता?"

"दहाला."

"आणि उठता?"

"सहाला. का गं?"

संहितानं कात्री मागून घेतली, पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवली आणि कडेकडेनं पेन्सिल फिरवली. मग फॉर्मवरचा आपला भारदस्त शब्द खोडून तिथं 'आठवण' लिहिलं.

"अगं, रिकामा डबा बघायला कोण येणार?" देवेंद्रजी म्हणाले.

"बघू ना, काका."

शनिवारी दुपारी उद्घाटन झालं. प्रमुख पाहुणे निवृत्त जज्जसाहेब होते. भाषण झालं, शाल झाली, श्रीफळ झालं, स्मृतिचिन्ह झालं. मग ते एकेक वस्तू बघत निघाले आणि रिकाम्या पेटीपाशी थबकले. आत पुठ्ठ्यावर पेन्सिलीची आकृती होती, आणि शेजारी संहिताच्या अक्षरात पाटी:

'श्रीराम दळवी, मिल कामगार, यांची आठवण. कात्री कामावर गेली आहे. सहानंतर परत येईल.'

देवेंद्रजी घाईघाईनं माफी मागू लागले. जज्जसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि पाटी पुन्हा वाचली.

साडेपाचला त्यांची गाडी दाराशी लागली. ते म्हणाले, "थांबतो जरा. कात्रीला येऊ द्या." जज्जसाहेबच थांबले म्हटल्यावर बाकीचेही थांबले.

सहा वाजून वीस मिनिटांनी सुलोचनाताई आल्या. पदराला सुताचे तुकडे चिकटलेले, हातात पिशवी. पेटीभोवतीची गर्दी पाहून त्या दारातच अडखळल्या. लोकांनी आपणहून वाट दिली. संहितानं काच उघडली. त्यांनी कात्री पेन्सिलीच्या रेघांत ठेवली, ती नेमकी बसली.

मग त्यांचं पाटीकडे लक्ष गेलं. चष्मा लावून त्यांनी वाचायला घेतलं, वडिलांच्या नावाखालून एकेका अक्षराला बोट लावत. जज्जसाहेबांनी हात जोडले. ते नमस्कार करायला उठून आले तेव्हा त्यांचं स्मृतिचिन्ह खुर्चीवरच राहिलं, आणि ते तिथंच विसरून जज्जसाहेब गाडीत बसले.

"ठीक लिहिलंय ना, काकू?" संहितानं हळूच विचारलं.

सुलोचनाताईंनी 'सहानंतर परत येईल' ही ओळ पुन्हा वाचली. चष्मा काढला, पदरानं पुसला.

"बाबापण सहालाच सुटायचे," त्या म्हणाल्या.