रकान्यात नसलेले प्रश्न

स्क्रीनवर हिरवी पट्टी लुकलुकली. हिरवी म्हणजे नळदुरुस्ती. निळी असती तर डोळ्यांचा दवाखाना, पिवळी असती तर ड्रायव्हिंग स्कूल. तिन्ही नंबर वेगवेगळ्या गावांचे, पण त्यांना कुठेच फोन जोडलेला नव्हता. ते वाजायचे या लॅपटॉपवर, ब्राउझरच्या एका खिडकीत, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तिने हेडफोन सारखा केला, घरी कधीच न वापरलेला कामावरचा गोड, सपाट आवाज लावला आणि बटण दाबलं.

"नमस्कार, नळदुरुस्ती सेवा. काय अडचण आहे?"

"नमस्कार ताई. बाथरूमचा नळ गळतोय."

पहिल्याच शब्दाला तिने आवाज ओळखला. बाबा.

तोंडापर्यंत आलेली हाक तिने गिळली. कॉल रेकॉर्ड होत होता, कोपऱ्यात कानाचं चित्र उमटलं होतं. म्हणजे सुपरवायझर ऐकत होती. आणि बाबांच्या लेखी मुलगी 'कॉम्प्युटरवर काहीतरी' करत होती. त्यांच्या समजुतीने ते बस स्टँडमागच्या कुठल्याशा दुकानाशी बोलत होते.

तिने फॉर्म उघडला. पत्ता ते सांगायच्या आधीच तिची बोटं टाइप करत होती.

"आधी कुणी दुरुस्तीचा प्रयत्न केला होता?" हा प्रश्न फॉर्ममध्ये होता.

"मी केला. पस्तीस वर्षं पाणीखात्यात फिटर होतो, ताई. साधा वायसर बदलायचाय. पण पान्हा धरवत नाही. हात थरथरतो."

टेबलाखाली तिचा पाय हलायला लागला. फॉर्मचा पुढचा प्रश्न होता, घरात पाण्याची टाकी आहे का.

"हात कधीपासून थरथरतोय?" तिने विचारलं.

"हे पण लिहायचं असतं?"

"हो. रकाना आहे."

"झाले असतील चार महिने."

चार महिन्यांत ती दोनदा घरी जाऊन आली होती. दोन्ही वेळा बाबा हात खिशात घालून दारात उभे होते.

"कोणता हात?"

"उजवा. डावा अजून ऐकतो माझं." ते हसले. ती हसली नाही.

"चालताना तोल जातो का?"

"दुरुस्त नळ करायचाय की मला?"

"लिहावं लागतं, काका." काका म्हणून झाल्यावर तिने माइक बाजूला करून खाकरून घेतलं.

फोनमधून दार लोटल्याचं ऐकू आलं. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "एकदा पडलो. बाथरूममध्येच. हिला सांगितलं, बादली पडली."

कॉलची वेळ लाल झाली. सुपरवायझरचा मेसेज आला: 'कॉल लांबतोय. काही अडचण?' तिने 'नाही' लिहिलं. निळी पट्टी लुकलुकून विझली, पुन्हा लुकलुकली.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"ताई, तुम्ही नळवाले की विमावाले?"

तिने कर्सर रिकाम्या रकान्यात नेला. बाबांनीच तिची सुटका केली. "नाही दाखवलं. घरात कळलं की सुरू होईल सगळं. हिची झोप उडेल. आणि मुलगी लांब असते, हातातलं काम टाकून धावत येईल. पोरीचं आत्ता कुठे बस्तान बसतंय. तर चारनंतर पाठवा माणूस. तेव्हा ही बहिणीकडे जाते. आणि फार बडबड्या नको."

"चारनंतर. लिहून घेतलं."

"तुम्ही फार नीट विचारता हो. नाहीतर कोण विचारतं इतकं?"

कॉल संपला. तिने ब्रेकचं बटण दाबलं. दहा मिनिटं. उठून ती खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. पाणी भरून घेतलं आणि न पिताच पेला ओट्यावर ठेवला. मग उभ्याउभ्याच फॉर्म पुरा केला. माणूस निवडायच्या जागी तिने सगळ्यात म्हाताऱ्या प्लंबरचं नाव टाकलं; तो कमी बोलायचा. शेऱ्यात तिने लिहिलं, 'गृहस्थांना पान्हा धरवत नाही, हात...' आणि खोडलं. पुन्हा लिहिलं: 'गृहस्थ स्वतः जाणकार आहेत. काम त्यांना विचारून करावे.'

मग उद्यापासून आठवडाभराची रजा टाकली. कारणाच्या जागी 'घरगुती' लिहिलं आणि स्वतःच्या मोबाइलवरून बाबांना फोन लावला.

"बोल गं!" मघाचा आवाज नव्हताच हा. खणखणीत होता.

"सहज केला. कसे आहात?"

"ठणठणीत. मला काय धाड भरलीय?"

"उद्या येतेय मी. रजा शिल्लक होती."

"ये की. पण अशी अचानक? आणि तुझा आवाज का असा येतोय?"

"कसा?"

"रडल्यासारखा. काय झालं? बरं नाही का? कुणी काही बोललं का?"

"काही नाही, बाबा."

"हे बघ," बाबा म्हणाले, "काही दुखत-खुपत असलं तर घरी सांगत जावं. असं मनात दाबून ठेवू नये, पोरी."