तिसरं पायडल

"पाडू भोक?" स्टिअरिंगखालून डोकं बाहेर काढत हामदो उस्तादाने विचारलं. क्लचचं पायडल जिथे बसवायचं, तिथे पत्र्यावर त्याने खडूने खूण केली होती. "अजून वेळ आहे, झुल्फो. एकदा हे बसलं की ही गाडी तुला..."

"चालवता येणार नाही. ठाऊक आहे मला." झुल्फोने कुबडी भिंतीला टेकवली. "सुरुंग फुटला तेव्हा पाय कापणाऱ्यांनी मला विचारलंसुद्धा नव्हतं. तू विचारतोस तरी. पाड."

जुन्या जीपचा आपोआप गिअर बदलणारा डबा जळून गेला होता. तसला दुसरा शोधता शोधता हामदोच्या नाकी नऊ आले. भंगारात मिळाला तो हाताने गिअर टाकायचा, आणि त्याला डावा पाय लागतो. झुल्फोचा डावा पाय मांडीपासूनच नव्हता. पण खालचा बहर ओसरला होता, मधमाश्यांच्या पेट्या डोंगरावर न्यायलाच हव्या होत्या, आणि माश्या कुणासाठी थांबत नाहीत.

झुल्फोची मुलगी मेर्सिहा कॉफी ओतत होती. बाप या गाडीत बसला की कुणाच्या उपकाराखाली नसतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

ड्रिलचा आवाज सुरू झाला. झुल्फोने साखरेचा खडा कॉफीत बुडवला, पण तोंडात टाकायचं राहूनच गेलं. पायच पुन्हा जातोय, असं त्याला वाटलं.

नव्या पायडलला जागा हवी म्हणून ब्रेकचं जुनं, रुंद पायडल निघालं. हामदोने ते पुसून झुल्फोच्या हातात ठेवलं. त्याचं रबर उजवीकडे झिजून गुळगुळीत झालं होतं. डावीकडच्या रेघा मात्र जशाच्या तशा होत्या.

"अर्धं कोरं आहे," झुल्फो म्हणाला. "गिऱ्हाईक बघ एखादं."

हामदोला हसू आलं नाही.

दुपारी पेट्या लादून झाल्या. झुल्फो पहिल्यांदाच आपल्या गाडीत स्टिअरिंग सोडून उजवीकडच्या, शेजारच्या सीटवर बसला. मेर्सिहाने गाडी सुरू केली. गचका बसला आणि इंजिन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मागे पेट्यांत माश्या गुणगुणू लागल्या.

"नाही जमत, बाबा. परवाना काढल्यापासून क्लचवर पाय ठेवला नाहीये मी."

"क्लच आहे, पोरी, साप नाही. पूर्ण दाब." झुल्फोने डावा हात पुढे करून गिअरच्या दांड्यावर ठेवला. "तू पाय दे. गिअर मी टाकतो. हं, आता हळू सोड."

गाडी हलली. गाव मागे पडलं, चढ लागला. झुल्फो "दाब" म्हणे, मेर्सिहा दाबे, तो दांडा ओढे. पुढे पुढे बोलायचीही गरज उरली नाही; इंजिनाचा सूर बदलला की दोघांनाही कळत होतं.

एका उभ्या चढावर मेर्सिहाची नजर शेजारी गेली. तिने क्लच दाबला की बापाची दुमडून टाचलेली विजार मांडीपाशी ताणली जात होती. तिने सोडला की सैल पडत होती.

"बाबा, दुखतोय का?"

"काय?"

"पाय."

झुल्फो समोर पाहत राहिला. "रस्त्याकडे बघ," तो म्हणाला. "वळण आलं."

दोघांनीही क्लच दाबला.