रंगाचे तीन हात

पोलिसांच्या फोटोग्राफरने एकतीस वर्षं एकाच कॅमेऱ्याने मृतदेहांचे फोटो काढले. बायकोने तो कॅमेरा कधी घराच्या उंबरठ्याआत येऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावर त्याने मागच्या पायरीवर बसून कॅमेरा खोलला, पॉलिश पेपरने घासून जुना काळा रंग काढला आणि उघड्या पितळेवर निळ्या रंगाचे तीन हात दिले. प्रत्येक हात वाळेपर्यंत तो तिथून हलत नसे.

आठव्या दिवशी त्याने कॅमेरा परत जोडला, तेव्हा बायको चहा घेऊन बाहेर आली.

"रंग बदलला म्हणून त्याने पाहिलेलं पुसलं जाणार आहे का?"

"नाही जाणार," तो म्हणाला. "पण माझ्या हातून तुझा एकही फोटो झाला नाही. तेवढं राहून जाईल."

ती आत गेली, केस विंचरून आली आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसली. त्याने रोल भरला, अंतर जुळवलं, डोळा लावला.

"अहो, मान जरा वळवू का?"

त्याने कॅमेऱ्यावरचा डोळा काढून तिच्याकडे पाहिलं. त्या कॅमेऱ्यासमोरून आजवर कुणी त्याला काही विचारलंच नव्हतं.