सूर्याचा दगड

एक लाल फुगा. अंगणात वाळणारी मोहफुलं. नदीकाठी एक उभट काळा दगड. फुगा फुगवत दीपिका कोलूआज्याला शाळेत शिकलेलं सांगत होती: “सूर्य म्हातारा झाला का असाच लाल होऊन फुगन, जवळचे ग्रह गिळन, मंग विझन. पाचशे कोटी वर्षांनं!” मोहफुलं पसरणारे कोलूचे हात थांबले. गावात माणूस मेला की त्याचं गोत त्याच्या नावाचा दगड उभारतं. “ग्रह म्हंजे सूर्याचं गोत. त्यानं गोतच गिळलं, तर त्याचा दगड कोन उभारन?” दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं नदीकाठच्या त्या दगडाला दोर बांधला. “जित्याचा दगड उभारते का कोनी, कोलूभाऊ? ऊन लागलं का तुले?” शेजारचा मुखरू हसला. मदतीला कोणी येईना. “मेल्यावर लय उशीर होईन,” म्हणत कोलूनं दोर खांद्यावर घेतला. दीपिकानं मागून रेटा दिला. सूर्य मावळायच्या आत दगड उभा झाला. तो कोलूनं स्वतःसाठी निवडून ठेवला होता.