गाठीच्या खालून

"सात," माळी म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. मोजून पानं कमी होत नाहीत, हे चाळीस वर्षांच्या अनुभवाने त्याला ठाऊक होतं. पण वाईट बातमी सांगायच्या आधी माणसाच्या हाताला काहीतरी काम लागतं.

चर्चची बाग आणि चर्चची दफनभूमी, दोन्ही त्याच्याकडे होत्या. आज तो मुलीच्या घरी, फाटकाजवळच्या गुलाबाची फांदी न्यायला आला होता. उद्या उपासनेनंतर ती तिच्या आईच्या कबरीवर लावायची होती, सगळ्या मंडळीसमोर.

"सात म्हणजे?" मुलीने विचारलं.

"एका देठाला सात पानं. तुझ्या आईच्या लाल गुलाबाला पाच असायची." त्याने बुंध्याजवळची माती नखाने उकरली. जमिनीलगत एक जाड गाठ होती. गाठीच्या वरचं सगळं कोळशासारखं काळं. हिरवागार फुटवा आला होता तो गाठीच्या खालून. "कलम थंडीत गेलं, पोरी. हा खालचा रानटी गुलाब. ज्याच्यावर कलम केलं होतं, तो."

मुलगी तेवीस वर्षांची होती आणि मंडळीच्या चार पानी मासिकात 'ऋतू आणि मन' नावाचं सदर लिहायची. तिसऱ्या पानावर, गायनवृंदाच्या सरावाच्या वेळा आणि हरवलेल्या छत्र्या यांच्या मधोमध. पानगळीतून ती समर्पण काढायची, पानांवरच्या मावा-किडीतून मत्सर आणि खताच्या खड्ड्यातून क्षमा. बोध काढायचा राहिलाय असं बागेत काही उरलं नव्हतं. गोगलगायीसुद्धा तिला बघून जरा दबकून चालायच्या. मग त्याच पानगळीत आई गेली आणि कशातून काही निघेना. तीन महिने तिची जागा छत्र्यांनी भरून काढली.

आणि एका सकाळी हा फुटवा दिसला. तिने तिथेच चिखलात गुडघे टेकले. उठली ती थेट टेबलाशी, आणि एका बैठकीत लिहून काढलं: 'देवाने आईचा गुलाब परत दिला.' या वेळी बोध नव्हता. या वेळी तिचा नुसता विश्वास बसला होता.

पाळकांनी तो लेख व्यासपीठावरून वाचून दाखवला. पुढच्या बाकांवरून नाकं ओढल्याचे आवाज आले. पप्पा नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर होते. घरी येऊन म्हणाले, "छान लिहिलंयस." त्या महिन्यातलं त्यांचं ते सर्वांत मोठं भाषण. दुसऱ्या दिवसापासून कामावर जायच्या आधी ते गुलाबाला पाणी घालू लागले.

पप्पा लिफ्ट दुरुस्त करायचे. माणसं वर जायची, पप्पा तळाच्या खड्ड्यात. आई गायनवृंदात पहिल्या रांगेत उभी राहायची, त्यामुळे लोक पप्पांना 'गाणाऱ्या बाईंचे मिस्टर' म्हणून ओळखत, तेही आठवलं तर. आई गेल्यापासून त्यांनी दाढीला हात लावला नव्हता. आता ती कुंपणासारखी वाढली होती. दिवसभरात न सांगता ते एकच गोष्ट करत: हे पाणी.

"काका," मुलगी हळूच म्हणाली, "पप्पांना सांगू नका."

"आणि फूल येईल तेव्हा? लाल नाही यायचं. बोटाच्या पेराएवढं पांढरं येईल."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

चर्चच्या माळ्याला खोटं बोलायला लावणं हे किती मोठं पाप, तेही तिने तेव्हावरच ढकललं. कारण झारी घेऊन पप्पा येत होते.

"काय चाललंय?"

"काही नाही, पप्पा. फांदी कुठून कापायची ते बघतोय."

पप्पांनी झारी खाली ठेवली. "सातच आहेत," ते म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी मोजली."

माळी आभाळात ढग शोधू लागला.

"तुम्हाला माहीत होतं? मग पाणी कशाला घालत होतात?"

"त्याला तहान लागते." पप्पांनी फुटव्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. "लग्नाच्या वर्षी हा मीच आणून दिला होता तुझ्या आईला. ओढ्याकाठून उपटून. म्हणाली, फुलं काय ही एवढीशी, पण मूळ चिवट आहे हो! मग त्यावर लाल गुलाबाचा डोळा भरून कलम केलं तिने. नंतर दर शनिवारी याचे खालचे फुटवे छाटायची. ते झालं की लगेच माझे केस." त्यांचा हात दाढीकडे गेला. "कात्री वेगळी असायची. बहुतेक."

मुलीला हसू आलं आणि त्या हसण्यातच ती रडायला लागली. "मी खोटं लिहिलं, पप्पा. आई परत नाही आली."

"नाही आली," पप्पा म्हणाले. लिफ्ट बंद आहे, हे ते लोकांना याच आवाजात सांगत.

माळ्याने कात्री मिटली. "मग उद्याचं काय करायचं? नर्सरीतून एखादं लाल रोप आणतो. कोणाला पत्ता लागायचा नाही."

"नको. यातलीच फांदी लावा."

"ही? रानटी? बाईंच्या उशाशी?"

पप्पांनी झारी उचलली आणि गाठीच्या खाली, मुळाशी, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली.

"सव्वीस वर्षं ती वर होती, हा मातीत," ते म्हणाले. "आता ती मातीत आहे. वर यालाच राहावं लागणार."