कर्नलची चंदी

“फाडा,” डॉमनिक म्हणाला. “ह्याच्या डोळ्यांदेखत फाडा.”

ह्याच्या म्हणजे ॲन्सेल्मच्या, त्याच्या पाठच्या भावाच्या. तो कुंपणापलीकडे उभा होता. डाव्या डोळ्यावर फडकं बांधलेलं. कुंपणाच्या अलीकडे, डॉमनिकच्या अंगणात, घोडा मरून पडला होता. वसईहून आलेला गुरांचा डॉक्टर बाह्या सारत होता. पोलीसपाटील खुर्ची ओढून बसले होते. पोटात विष निघालं की ॲन्सेल्मच्या हातात बेड्या पडणार, हे अख्ख्या भुईगावाला ठाऊक होतं. त्याच्या बायकोलाही ठाऊक होतं. ती आपल्या दारात पोर कडेवर घेऊन उभी होती.

घोड्याचं नाव कर्नल. लढाई संपल्यावर लष्करानं जनावरं लिलावात काढली, तेव्हा डॉमनिकनं तो पुण्याहून आणला होता. केळीच्या वाडीत जायला घोडा कशाला लागतो, म्हणून गाव पोट धरून हसलं. पण हा पठ्ठ्या रविवारी मिस्साला खोगिरावर ताठ बसून जायचा. त्याची बायको तेरेसा मागून चालत यायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. डॉमनिकची होती नव्हती ती सगळी माया त्या जनावरावर होती, आणि ती खरी होती, एवढं कबूल केलंच पाहिजे.

पावसाळा सरताना कर्नल बिघडला. खोगिराचा तंग आवळायला गेलं की कान मागे टाकून चावायला धावायचा. मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत राहायचा. खुरानं जमीन उकरायचा, दाण्याची चंदी अर्धी टाकायचा. इतकं गुणी जनावर असं का करतंय, ते डॉमनिकला कळेना. तेरेसा म्हणाली, डॉक्टरला बोलवा. त्यानं ऐकलं नाही. त्याचं लक्ष कर्नल ज्यात चंदी खायचा त्या दगडी डोणीकडे गेलं. डोणी कुंपणाला लागून होती आणि पलीकडे ॲन्सेल्मचं घर होतं. वाटण्या झाल्यापासून भावाभावांत शब्द नव्हता. पलीकडून हात सहज पोचत होता. संशयाला एवढं पुरलं.

त्यानं घण घालून डोणी फोडली. समुद्रावरून गाडी भरून पांढरी वाळू आणली. सणासुदीला, लग्नाला आपल्याकडे अंगणात घालतात ती. तिचा जाड थर घातला आणि कर्नलची चंदी तो त्या वाळूवरच ओतू लागला. पांढऱ्या वाळूवर कुणी चिमूटभर काही टाकलं तरी लगेच दिसेल. वाळू मळली की नवी गाडी यायची.

“राजासारखा ठेवलाय त्याला मी,” तो तेरेसाला म्हणायचा.

राजा मात्र खंगत चालला. आधी जुलाब झाले, मग पोट साफच होईना. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. एकदा तेरेसाच्या दंडाला कडकडून चावला. डॉमनिकनं तिला पाणी विचारलं नाही, घोड्याच्या गळ्यात हात टाकून रडला.

अशात एका सकाळी ॲन्सेल्म कुंपण ओलांडून आला. वाटण्यांनंतर पहिल्यांदाच. काखेत सुतळीनं बांधलेलं गोणपाटाचं गाठोडं होतं, आणि तो सरळ घोड्याच्या चंदीकडे निघाला होता. डॉमनिकच्या हातात लगाम होता. तो लोखंडी कडीसकट ॲन्सेल्मच्या तोंडावर बसला. गाठोडं खाली पडलं.

“काय हाय त्यात? बोल!”

ॲन्सेल्मनं डोळा दाबून धरला होता. बोटांमधून रक्त येत होतं. “तुझ्याशी आता एक शब्द बोलनार नाय,” तो म्हणाला. “मेलो तरी नाय.”

आणि तो बोलला नाही. डोळा गेला तरी नाही. फादरनी विचारलं, पाटलांनी दम भरला, बायकोनं पाय धरले. हट्ट दोन्ही भावांचा एकाच घरातला, एकाच मापाचा. त्याचं गप्प राहणं म्हणजेच कबुली, असं गाव म्हणू लागलं. ते गाठोडं डॉमनिकनं काठीनं उचलून उंडणीच्या फांदीला टांगून ठेवलं होतं. आत विष असणार, हात कोण लावणार? पाटीलसुद्धा लांबूनच बघून गेले होते.

आता अंगणात डॉक्टरनी सुरी चालवली. वास सुटला. तेरेसानं पदर नाकाला लावला. आतडं डॉक्टरच्या हाताला दगडासारखं लागलं. त्यांनी ते चिरलं, तशी आतून वाळू आली. ओली, घट्ट बसलेली वाळू. घमेलं भरलं तरी येतच राहिली.

“वाळू?” पाटील पुढे वाकले. “मग विष कुठं हाय?”

“विष कसलं! चंदीबरोबर रोज वाळू पोटात गेली, तीच साचली. पहिलं दुखणं साधं असणार, ओल्या गवताचं. ते आपोआप गेलं असतं.” डॉक्टरनी सुरी पुसली. “दाण्याखाली काही अंथरलं असतं तरी हा जगला असता.”

ॲन्सेल्मची बायको एकदम हुंदके देऊन रडू लागली. ॲन्सेल्म तसाच उभा होता. डॉमनिक आपल्या पायाखाली बघत होता. परवाच घातलेली नवी वाळू.

तेरेसा उंडणीखाली गेली. तिनं फांदी खाली ओढली.

“हात नको लावू त्याला!” डॉमनिक ओरडला.

तिनं सुतळी सोडली, गाठोडं उलगडलं आणि सगळ्यांसमोर झटकलं. आतून काहीच पडलं नाही. गोणपाटं एकाला एक जोडून, कडा दुमडून, सुतळीनं नीट शिवलेली ती एक मोठी चौकोनी चादर होती, घोड्याच्या पुढ्यात अंथरून वर चंदी ओतता येईल एवढी.